दहा आठवड्यांचं पिल्लू आणि श्वानक्रीडा: खान्देशात सुरुवात कुठून करायची?

बोरीकाठची (अमळनेर)

नमस्कार मंडळी. दिवाळी झाल्यावर आमच्या घरी कैरी आली. आई मळ्यातली गावठी, बाप बहुधा शेजारचा लॅब्रॅडॉर. आता दहा आठवड्यांची झाली. पहिली लस झाली आहे, दुसरी पुढच्या आठवड्यात.

माझा मुलगा आठवीत आहे. त्याने मोबाईलवर ॲजिलिटीच्या, म्हणजे कुत्र्यांच्या अडथळा-शर्यतीच्या स्पर्धा पाहिल्या. बोगद्यातून पळणारी, खांबांमधून नागमोडी जाणारी कुत्री पाहिली आणि त्याच्या डोक्यात तेच बसलं. अंगणात दोन विटांवर काठी ठेवून त्याने उडीसुद्धा तयार केली. कैरी त्याच्यामागे आनंदाने उडते, पण मला धास्ती वाटते. एवढ्याशा जिवाने उड्या माराव्यात का? नाही, तर मग काय करावं? मुलाचा उत्साह मला घालवायचा नाही.

आमच्या भागात शिकवणारं कोणी माझ्या माहितीत नाही. पुण्या-मुंबईला सारखं जाणं परवडणार नाही. घरी, शेतात, इथल्या उन्हात यातलं काय जमेल ते कृपा करून सविस्तर सांगा. वंशावळीचा कागद नसलेल्या कुत्रीला पुढे कुठल्या स्पर्धेत घेतात का, तेही कळलं तर बरं.

भुसावळ_जंक्शन

ताई, आज संध्याकाळीच काठी विटांवरून काढा आणि जमिनीवर ठेवा. मुलाला सांगा, कैरीने ती बघून, पाय उचलून ओलांडायची. हाच पहिला धडा. माझी बॉर्डर कॉली आता मोठी आहे, पण तिचं पहिलं वर्ष आम्ही असंच जमिनीवर काढलं.

नियमही तेच सांगतात. एफसीआय या केनेल क्लबांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ॲजिलिटी स्पर्धेत अठरा महिने पूर्ण झाल्याशिवाय कुत्र्याला उतरवत नाहीत. अमेरिकन केनेल क्लबची अट पंधरा महिन्यांची आहे. म्हणजे तुमच्या हातात वर्षभराहून जास्त वेळ आहे. घाई कसली?

डॉक्टर_सातपुडा (शहादा)

ताई, तुमची धास्ती रास्त आहे. कारण सांगतो, म्हणजे मुलालाही समजावता येईल.

पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते. हाड तिथूनच लांब होतं. ती मऊ असते आणि तिच्यावर वारंवार आदळआपट झाली तर हाड वाकडं वाढू शकतं, सांधा बिघडू शकतो. मध्यम आकाराच्या कुत्र्यात ही कूर्चा साधारण वर्षाच्या आसपास भरून येते, मोठ्या जातींत दीड वर्षापर्यंत आणि अगदी अवाढव्य जातींत त्याहूनही उशिरा. कैरीचा बाप लॅब्रॅडॉर धरला तर दीड वर्ष धरून चाला. लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये कमरेच्या सांध्याचा दोष आनुवंशिक असतो, त्यामुळे खऱ्या उड्या सुरू करण्याआधी एकदा कमरेचा एक्स-रे काढून घ्यावा असं माझं मत आहे.

पण याचा अर्थ पिल्लाला बांधून ठेवा असा काढू नका. नॉर्वेत चार मोठ्या जातींच्या पिल्लांवर एक अभ्यास झाला होता, तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या तीन महिन्यांत जी पिल्लं रोज जिने चढत-उतरत होती, त्यांच्यात कमरेच्या सांध्याचा दोष जास्त आढळला. जी मऊ, उंचसखल मोकळ्या जमिनीवर आपल्या मर्जीने हुंदडत होती, त्यांच्यात कमी. थकलं की बसणारं, मन झालं की पळणारं पिल्लू स्वतःला सांभाळतं. त्याला आपण चेंडू फेकून तीस वेळा त्याच जागी, त्याच वळणावर पळवतो, तेव्हा ते थांबत नाही, कारण त्याला आपल्याला खूश करायचं असतं. घरात जिना असेल तर सध्या उचलून न्या.

आता लशीचं. डिस्टेंपर आणि पार्व्हो यांची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांचं होईपर्यंत देत राहतात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांची झाल्यावर. एकही डोस चुकवू नका. पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो आणि आपल्याकडे मोकाट कुत्री सगळीकडे फिरतात. म्हणून बाजारपट्टा, उकिरडा, स्टेशनबाहेरची मोकळी जागा इथे कैरीला अजून खाली सोडू नका.

पण चार महिने घरात कोंडूनही ठेवू नका. पिल्लाचं मन तीन ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान सर्वांत उघडं असतं. या काळात जे पाहिलं, ऐकलं, हुंगलं ते त्याला आयुष्यभर ओळखीचं राहतं. तुमच्याकडे यातले चारच आठवडे उरलेत. कडेवर घेऊन फिरवा. ट्रॅक्टर, बैलगाडी, शाळा सुटतानाची मुलं, मंदिराची घंटा, लग्नाचा बँड हे सगळं लांबून दाखवा. तिने स्वतःहून मान पुढे केली तर थोडं जवळ जा, मागे सरली तर तुम्हीही मागे सरा. ओळखीच्यांच्या घरची, लस झालेली शांत मोठी कुत्री असतील तर त्यांची भेट घडवा. पुढे स्पर्धेच्या मैदानात लाउडस्पीकर, गर्दी, परकी कुत्री हे सगळं असतं. तिथे घाबरणाऱ्या कुत्र्याला उडी येऊन काय उपयोग?

यावलकर

डॉक्टरसाहेबांचा मान राखून बोलतो. आमच्या मळ्यातली गावठी कुत्री सहा महिन्यांची होतात तेव्हा पाट, नाले, बांध सगळं उडून जातात. कुणाचे पाय वाकडे झालेले मी पाहिले नाहीत. हे जरा जास्त जपणं नाही का?

डॉक्टर_सातपुडा (शहादा)

यावलकर भाऊ, प्रश्न योग्य आहे. मळ्यातलं कुत्रं दिवसातून दोन-चार वेळा नाला उडतं, दर वेळी वेगळ्या जागी, वेगळ्या वेगाने, मऊ मातीत, आणि नको वाटलं तर वळसा घालून जातं. सरावाची उडी तशी नसते. तीच उंची, तोच कोन, तोच पाय, वर आपला आवाज चढलेला. एका उडीने कूर्चा बिघडत नाही, त्याच त्या भाराने बिघडते. तुमची कुत्री अंगाने हलकीही असतात. कैरीत लॅब्रॅडॉरचा जड हाडापेरा आला असेल तर तिला तो हिशोब लागू नाही.

लळिंगपायथा (धुळे)

ताई, मी पोलीस श्वान पथकात बरीच वर्षं हँडलर, म्हणजे कुत्र्याला सोबत घेऊन काम करणारा, होतो, आता निवृत्त आहे. गावातल्या मुलांना त्यांच्या कुत्र्यांसोबत शिकवत असतो. जरा लांबलचक लिहितो, सांभाळून घ्या.

पिल्लू घरी आलं की लोक ‘बस’, ‘हात दे’ पासून सुरू करतात. मी त्याच्याही आधीची गोष्ट बघतो. पिल्लाला तुमच्यासोबत खेळायला आवडतं का? कामाच्या कुत्र्याचं सगळं शिक्षण यावर उभं राहतं. जुन्या सुती दोराचा हातभर तुकडा घ्या, टोकाला गाठ मारा आणि जमिनीवरून सरपटत न्या. कैरी पकडेल. तिला ओढू द्या, जिंकू द्या. ती दोर घेऊन पळाली तर मागे धावू नका, उलट तुम्ही पळा. ती तो दोर परत तुमच्याकडे घेऊन येईल, कारण दोरात मजा तुमच्यामुळे आहे हे तिला कळतं. ओढताना हात खाली, तिच्या तोंडाच्या पातळीत ठेवा. वर उचलून लटकवू नका, मानेवर ताण येतो. चार महिन्यांपासून सहा-सात महिन्यांपर्यंत दात बदलतात, तेव्हा हिरड्या दुखतात. त्या काळात मऊ फडकं घ्या आणि ती सोडते म्हणाली तर सोडू द्या.

दुसरं, खुणेचा शब्द. कैरीने हवं ते केलं त्या क्षणी एक छोटा शब्द म्हणायचा आणि लगेच खाऊ द्यायचा. आम्ही ‘हां’ म्हणतो. परदेशात टिकटिक वाजणारा क्लिकर वापरतात, काम तेच. शब्द आधी, हात खिशाकडे नंतर. हे उलटं झालं की कुत्रं शब्द ऐकायचं सोडून हाताकडे बघत राहतं. मुलाला आधी कैरीशिवाय सराव करू द्या: तुम्ही चेंडू टाकायचा, जमिनीला लागला की त्याने ‘हां’ म्हणायचं. ॲजिलिटीत वेळ साधणं हीच माणसाची अर्धी कला आहे, आणि ती मुलाला आजपासून शिकता येते.

तिसरं, पोतं. घरात रिकामं गोणपाट असेलच. घडी घालून खाली टाका. कैरीने त्यावर पाय ठेवला की ‘हां’ आणि खाऊ, खाऊ पोत्यावरच टाकायचा. थोड्या दिवसांत ती पोतं दिसलं की जाऊन बसेल. मग पाहुणे आले, जेवणाची पंगत बसली, बाहेर दुसरं कुत्रं भुंकलं, तरी ती पोत्यावर. स्पर्धेत आपली पाळी येईपर्यंत तासन्‌तास थांबावं लागतं. थांबता न येणारं कुत्रं मैदानात उतरायच्या आतच दमून गेलेलं असतं. मला विचाराल तर पहिल्या सहा महिन्यांत एवढं पोतं जरी पक्कं झालं तरी मी खूश असेन.

घरच्या सगळ्यांनी शब्द मात्र एकच ठरवा. आजी अहिराणीत ‘आठे ये’ (इकडे ये) म्हणते, मुलगा ‘कम’ म्हणतो, बाबा शिट्टी मारतात, आणि मग कुत्रं ऐकत नाही म्हणून रागावतात. ‘आठे ये’ ठरलं तर सगळ्यांचं ‘आठे ये’. आणि त्या शब्दाने बोलावून तिला कधीही रागावायचं नाही, औषध पाजायचं नाही, बांधायचं नाही. त्या कामांना आपण उठून तिच्याकडे जायचं.

सराव एका वेळी दोन-तीन मिनिटं, तेही दिवसातून थोड्या वेळा. या वयाचं पिल्लू दिवसरात्र मिळून अठरा-वीस तास झोपतं. जे शिकली ते त्या झोपेतच मुरतं. झोपलेल्या पिल्लाला खेळायला उठवू नका, हे मुलाला बजावून सांगा.

भुसावळ_जंक्शन

लळिंगपायथा दादांच्या पोतं-धड्याला माझं दुहेरी अनुमोदन.

शरीराच्या ओळखीसाठी थोडी भर घालतो. कुत्र्याला आपले पुढचे पाय माहीत असतात, मागचे फक्त मागून येतात. ॲजिलिटीत उडीचे आडवे पाइप पडतात ते बहुतेक मागच्या पायांमुळे, आणि उंच फळीवरून घसरतात तेही त्यामुळेच. म्हणून जमिनीवर चार-पाच काठ्या वेगवेगळ्या अंतरावर टाका आणि खाऊ नाकासमोर धरून हळूहळू चालवा. एक पसरट, न हलणारी उलटी पाटी घ्या, तिच्यावर पुढचे पाय ठेवायला शिकवा, मग मागच्या पायांनी भोवती फिरायला. मागे मागे चालणं शिकवा. फळीखाली जुनी सायकलची ट्यूब ठेवा, म्हणजे फळी जराशी हलेल. तिने स्वतः पाय ठेवला तरच ‘हां’. उचलून ठेवायचं नाही. पुढे सी-सॉ, म्हणजे वर-खाली होणारी फळी येते, तो जमिनीवर आपटताना धाडकन आवाज होतो आणि कित्येक चांगली कुत्री तिथेच अडतात. हलणाऱ्या फळीशी आणि आवाजाशी आधीपासून मैत्री असेल तर तो प्रश्न येत नाही.

साहित्याचं म्हणाल तर जळगाव म्हणजे ठिबकचं आणि पीव्हीसी पाइपाचं गाव. कुठल्याही शेतीच्या दुकानात पाइप, एल्बो, टी मिळतात. नागमोडी खांबांसाठी बारा पाइप, प्रत्येकी ६० सेंटीमीटर अंतरावर, हे एफसीआयचं माप. पण आत्ता खांब लावू नका. नागमोडी पळताना मणका आणि खांदे सतत पिळले जातात, तेही वाढ पूर्ण झाल्यावरच. मुलाला हात शिवशिवत असतील तर त्याने आत्ता पाइप कापून, रंगवून तयार ठेवावेत. उडीचा आडवा पाइप नुसता टेकवलेला असावा, धक्का लागला की पडला पाहिजे. बांधलेला पाइप कुत्र्याचा पाय मोडतो.

बोगदा मात्र पिल्लालाही चालतो. लहान मुलांच्या खेळण्यातला कापडी बोगदा मिळतो, नाहीतर खुर्च्यांवर चादर टाका. आधी आखूड आणि सरळ, पलीकडून तुमचं तोंड दिसलं पाहिजे. सिमेंटचा पाइप वापरू नका. तापतो, आणि आत विंचूकाटा असू शकतो.

चोपडा_एक

माझ्याकडे कारवान जातीचा कुत्रा आहे, वर्षाचा. पळायला वाऱ्यासारखा. मित्र म्हणतात, त्याला खरा खेळ द्यायचा तर रानात सशामागे सोड. याला श्वानक्रीडा म्हणता येईल का?

लळिंगपायथा (धुळे)

भाऊ, स्पष्ट बोलतो. सशामागे कुत्रं सोडणं म्हणजे शिकार, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार तो गुन्हा आहे. कुत्र्यांच्या झुंजी लावणं हासुद्धा प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा १९६० खाली गुन्हा. या दोन्ही गोष्टींना इथे कोणी क्रीडा म्हणू नये, ही माझी हात जोडून विनंती.

पण तुमच्या कारवानची भूक खरी आहे, तिला वाट दिलीच पाहिजे. लांब पळणारी, नजरेने शिकार हेरणारी ही जात. २००५ साली आपल्या टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात याच घराण्यातला मुधोळ हाउंड होता. परदेशात अशा कुत्र्यांसाठी ल्युअर कोर्सिंग असतं. दोरीला प्लास्टिकची पिशवी बांधतात, यंत्राने ती दोरी नागमोडी ओढतात, कुत्री तिच्यामागे सुटतात. कुठल्याही जिवाला त्रास नाही. तुम्हाला यंत्र नको. लांब काठीला दोरी, दोरीच्या टोकाला फडकं, आणि मोकळ्या मऊ जमिनीवर गोल फिरवा. मधेमधे त्याला पकडू द्या, नाहीतर तो हिरमुसतो. वर्षाचा आहे, तेव्हा अजून तीक्ष्ण वळणं नकोत, मोठे घेर ठेवा. आणि फडकं थांबलं की तुमच्याकडे परत यायचं, हे आधी लांब दोरीवर पक्कं करा.

चोपडा_एक

समजलं दादा. शिकारीचं डोक्यातून काढलं. काठी-दोरी करून बघतो.

बोरीकाठची (अमळनेर)

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलाने विटा काढल्या. पोत्याचा धडा सुरू झाला आहे, कैरी स्वतःहून जाऊन बसते आणि आमच्याकडे बघते. ‘आठे ये’ वर एकमत झालं, आजींचा शब्द जिंकला.

आता उन्हाचं सांगा. कैरी सहा महिन्यांची होईल तेव्हा मार्च लागेल, नंतर एप्रिल-मे. आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो. ते चार महिने सगळं बंद ठेवायचं का?

डॉक्टर_सातपुडा (शहादा)

मैदान बंद, शिकणं चालू.

कुत्र्याला घाम फक्त पंजाच्या गाद्यांतून येतो, आणि तो अंग थंड करायला पुरत नाही. ते धापा टाकून अंग थंड करतं. बाहेरची हवाच अंगाहून गरम असेल तर धापेचा उपयोग कमी होत जातो. निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, ते १०५ च्या वर गेलं की जिवाशी गाठ. जीभ लांब आणि गडद लाल, लाळ घट्ट, चाल अडखळती, ही लक्षणं दिसताच सावलीत न्या, साधं पाणी अंगावर ओतत राहा, पंखा लावा आणि दवाखाना गाठा. ओलं फडकं अंगावर गुंडाळून तसंच ठेवू नका, ते तापतं आणि उष्णता आत कोंडते. पग, बुलडॉग अशा बसक्या नाकाच्या कुत्र्यांना तर उन्हाळ्यात खेळायला नेऊच नये.

डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू टेकवून बघा. सात सेकंद ठेववत नसेल तर तिच्या पंजांनाही सोसणार नाही. एप्रिल-मेमध्ये दिवस मावळल्यावरही रस्ता बराच वेळ तापलेला असतो, त्यामुळे संध्याकाळपेक्षा पहाट बरी. मात्र सातपुड्याच्या पायथ्याला किंवा चाळीसगावकडे जिथे बिबट्याचा वावर आहे, तिथे अंधारात कुत्र्याला घेऊन शेतात जाऊ नका.

आणखी दोन गोष्टी. पावसाळ्यानंतर गवत वाळतं तेव्हा कुसळं कानात, नाकात, बोटांच्या बेचक्यात घुसतात आणि आत आत सरकत जातात. शेतातून आल्यावर रोज बोटांमध्ये बघा. कुत्रं अचानक डोकं झटकायला लागलं तर वाट पाहू नका. दुसरी, गोचीड. गोचीडताप आपल्याकडे सर्रास आहे. खेळणारं कुत्रं मरगळलं, खाईनासं झालं, तर रक्त तपासून घ्या.

लळिंगपायथा (धुळे)

उन्हाळ्यासाठी माझ्याकडे एकच उत्तर: नाक. आणि मी तर म्हणेन खान्देशातल्या माणसाने ॲजिलिटीच्या आधी नाकाच्या खेळाकडेच बघावं. त्याला उंची नाही, उडी नाही, लहान पिल्लापासून म्हाताऱ्या कुत्र्यापर्यंत कोणालाही चालतं, आणि जागा म्हणजे आपलं घर.

पाच-सहा पुठ्ठ्याची खोकी मांडा. एकात खाऊचा तुकडा. कैरीला सोडा आणि गप्प उभे राहा. बोट दाखवायचं नाही, नाव घ्यायचं नाही. ती हुंगत जाईल, सापडलं की तिथेच खाईल, तुम्ही तिथेच आणखी एक तुकडा टाका. खोकी हलवा, परत. हे पक्कं झालं की खोकी उलटी, एकात एक, मग खोलीतल्या सामानात, मग ओट्यावर. पंख्याची हवा वास कुठे नेते हे तुम्हालाही तिच्याकडे बघून कळायला लागेल. दहा मिनिटं नाकाने काम केलेलं पिल्लू तासभर पळाल्यासारखं शांत झोपतं.

अमेरिकेत याच खेळाच्या स्पर्धा होतात. तिथे बर्च, ॲनिस आणि लवंग यांच्या तेलाचे वास शोधायला लावतात. लवंगेचं तेल आपल्याकडे कुठेही मिळतं. कापसाच्या बोळ्याला एखादा थेंब, बोळा भोकं पाडलेल्या छोट्या डबीत, डबी खाऊशेजारी. हळूहळू खाऊ काढून घ्यायचा, डबी सापडली की खाऊ तुमच्या हातातून. तेल तिच्या तोंडाला लागता कामा नये, म्हणून डबी घट्ट बंद हवी. पण हे सहाव्या-सातव्या महिन्यानंतर. आधी खाऊ शोधण्याचं वेड लागू द्या.

आणि पुढचा हिवाळा आला की माग काढणं. आयजीपी नावाची जर्मन परंपरेची स्पर्धा आहे. तिचे तीन भाग असतात: माग, आज्ञापालन आणि संरक्षण. संरक्षणाचा भाग जाणकाराशिवाय कोणीही घरी करू नये, त्याने कुत्री बिघडतात आणि माणसं चावून घेतात. पण माग हा भाग घरच्या शेतात एकट्याने शिकवता येतो. त्यासाठी जी जमीन परदेशात लोक शोधत फिरतात, ती आपल्याकडे मैलोन्‌मैल आहे: नांगरून वखरलेलं काळं रान. पाऊल पडलं की माती दबते, फुटते, तिचा ओलावा वर येतो, त्यात माणसाचा वास मिसळतो. काळ्या मातीत तो धरून राहतो.

सुरुवातीला वावभर जागा पायांनी चांगली तुडवा, तिथे खाऊ टाका. ते झालं आरंभाचं ठिकाण. तिथून सरळ रेषेत छोटी छोटी पावलं टाकत जा आणि प्रत्येक पावलात, टाचेच्या खोलगट जागी एक बारीक तुकडा. शेवटी ओंजळभर. कैरीला पट्ट्यावर आणा, नाक खाली गेलं की गप्प. ती पाऊल चुकवून पुढे धावली तर ओढू नका, फक्त थांबा. वाऱ्याकडे पाठ करून माग टाका, म्हणजे ती हवेतला वास न घेता पावलातला घेईल. पहिल्या पातळीच्या परीक्षेत किमान ३०० पावलांचा माग असतो, हँडलरने स्वतः टाकलेला आणि वीसेक मिनिटं जुना, आणि कुत्रं दहा मीटरच्या दोरीवर पुढे चालतं. तिथवर पोचायला घाई नाही, पण पहिली वीस पावलं कोणालाही जमतात.

रान निवडताना बघा. पऱ्हाट्या (कपाशीची झाडं) उपटलेल्या शेतात खुंट राहतात, दादर (रब्बी ज्वारी) कापलेल्या शेतात धसकटं, दोन्ही पंजे फाडतात. फवारणी झालेल्या किंवा उंदरांचं औषध टाकलेल्या शेतात मुळीच नको. दुसऱ्याचं शेत असेल तर आधी विचारा. कारण सांगितलं की बहुतेक शेतकरी आनंदाने हो म्हणतात आणि बांधावर बघायलाही येऊन बसतात.

यावलकर

दादा, हे माग काढणं मी आजच केळीच्या बागेशेजारी करून पाहिलं. मना कुत्रा चार वर्षांचा शे, त्याला कोणी काही शिकवलेलं नव्हतं. पहिल्या दहा-बारा पावलांत त्याचं नाक वर आलंच नाही. मी डॉक्टरांशी वाद घालायला आलो होतो, आता रोज सकाळी हाच उद्योग. खाऊ म्हणून काय द्यावं? पोळीचे तुकडे दिले तर त्याला फार रस वाटला नाही.

डॉक्टर_सातपुडा (शहादा)

यावलकर भाऊ, वाचून फार बरं वाटलं.

उकडलेलं अंडं, उकडलेली बिनमिठाची कोंबडी, पनीर, यांचे तुरीच्या डाळीएवढे तुकडे. पिकलेलं केळंही थोडं चालतं, आणि यावलात त्याला काय तोटा. मसाला नको. भरीत, शेवभाजी, फोडणीचं काहीही नको, त्यात कांदा-लसूण असतो आणि ते दोन्ही कुत्र्याच्या रक्तपेशींना घातक आहेत. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट यांनाही हात लावू देऊ नका. सरावात जेवढं दिलं तेवढं रोजच्या जेवणातून कमी करा. लठ्ठ कुत्र्याच्या सांध्यांना कुठलाच खेळ झेपत नाही. कैरीच्या फासळ्या हाताला सहज लागल्या पाहिजेत, डोळ्यांना ठळक दिसता कामा नयेत.

बोरीकाठची (अमळनेर)

शेवटचा प्रश्न राहिला, स्पर्धेचा. मुलगा रोज विचारतो.

भुसावळ_जंक्शन

त्याला खरं ते सांगा. ॲजिलिटी हा खेळच तसा नवा. १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स या डॉग शोमध्ये मुख्य कार्यक्रमांच्या मधल्या वेळेत लोकांचं मनोरंजन व्हावं म्हणून तो पहिल्यांदा दाखवला, घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धेवरून बेतलेला. आपल्याकडे अजून तो मोठ्या शहरांपुरताच आहे. आपल्या देशात वंशावळीच्या कुत्र्यांची नोंदणी करणाऱ्या केनेल क्लब ऑफ इंडियाचं मुख्यालय चेन्नईला आहे, आणि डॉग शो बहुतेक हिवाळ्यात भरतात. त्यातल्या जातींच्या रिंगणात कैरीला जागा नाही, कारण तिथे कागद लागतो. एफसीआयच्या जागतिक ॲजिलिटी स्पर्धेतही लागतो. पण खेळ म्हणून ॲजिलिटी जातीला बांधलेली नाही. खुद्द क्रफ्ट्सच्या ॲजिलिटीत मिश्र जातीची कुत्री धावतात. वर्ल्ड ॲजिलिटी ओपनमध्येही वंशावळ विचारत नाहीत. आपल्याकडे शहरांत खासगी क्लब स्पर्धा घेतात, त्यांचे नियम प्रत्येकाचे वेगळे, तेव्हा नाव देण्याआधी फोन करून विचारावं.

माझं मत विचाराल तर या हिवाळ्यात तुम्ही दोघं एखादी स्पर्धा नुसती बघायला जा, कैरीला न घेता. मुलाला धावणाऱ्या कुत्र्यांपेक्षा धावणाऱ्या माणसांकडे बघायला सांगा. हात कुठे, खांदे कुठे वळलेत, आवाज कधी येतो. मैदानात उतरण्याआधी हँडलर कुत्र्याशिवाय मार्ग चालून पाठ करतात, ते तर नक्की बघू द्या.

लळिंगपायथा (धुळे)

ताई, आणि तोवर तुम्हाला सोबत हवी असेल तर अमळनेर धुळ्याहून लांब नाही. जानेवारीत माझ्या पुतण्याच्या शेतातला कापूस निघतो, खुंट काढून वखरणी झाली की रान महिनाभर रिकामं असतं. तोवर कैरीच्या लशी पूर्ण होतील. यावलकर, चोपड्याचे भाऊ, तुम्हीही या. कुत्री एका वेळी एकच मैदानात, बाकीची आपापल्या पोत्यावर किंवा गाडीत. प्रत्येकाने स्वतःचं पाणी, भांडं आणि पोतं आणायचं, लसीकरणाचं कार्ड दाखवायचं. सकाळी साडेसातला सुरू करू, दहाच्या आत उरकू. शेताचा पत्ता निरोपात कळवतो.

बोरीकाठची (अमळनेर)

दादा, आम्ही दोघं येणारच. मुलाने कैरीच्या पोत्याला शिवण घालायला आजीकडे दिलं आहे. उकडलेली अंडी सगळ्या कुत्र्यांपुरती मी आणते.